अकरा शून्यं

मोशीच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये एरवी बारशी आणि साखरपुडे व्हायचे. त्या रविवारी मात्र सकाळी दहालाच तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग माणसं खिडक्यांत चढून बसली. समोरच्या टेबलावर हिरव्या बाटल्यांची उतरंड रचली होती. तिच्यामागे शेखर सर उभे होते. पांढराशुभ्र कुर्ता, गळ्यात कसलंसं ओळखपत्र आणि ओठांपाशी वळलेला छोटा माइक.

"किरणं दिसतात का?" सरांनी विचारलं.

"नाही!" हॉल एका सुरात म्हणाला.

"त्यांचा वास येतो का?"

"नाही!"

"मग जे दिसत नाही, ज्याचा वास येत नाही, पण जे तुमच्या गच्चीवरच्या टॉवरमध्ये बसलेलं आहे, ते काय आहे?"

"सेक्रेटरी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉलभर हशा पिकला.

शेखर सरही हसले. लोकांबरोबर हसायचं आणि हसू ओसरायच्या आत घाबरवायचं, ही कला त्यांना अवगत होती. "हसा राव, हसा. टॉवर, एक्स-रे, कारखान्यातली किरणं, लढाया चालल्यात त्यांची धूळ... सगळं रोज तुमच्या हाडांत शिरतंय, आणि तुम्ही हसताय." आता कुणी हसेना. "पण निसर्गानं विष दिलं तसा उतारा पण दिलाय. समुद्रातलं शेवाळ, शेवग्याचा पाला, बीट, आंबेहळद. किरणकवच काढा! सकाळी अनशापोटी दोन चमचे. बोलायचं काम नाही, आता डोळ्यांनीच बघा."

त्यांनी काचेची एक बशी पुढे ओढली. तिच्यात पांढरं, जाळीदार, मऊसर काहीतरी होतं. "परदेशातल्या फुटलेल्या अणुभट्टीतून आलेला तुकडा. हात लावू नका." त्यांनी तळहाताएवढं एक यंत्र बशीजवळ धरलं. टक्-टक्-टक्-टक्... तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सुटला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. मग सरांनी काढ्याची बाटली बशी आणि यंत्र यांच्या मधोमध उभी केली. आवाज बसला. टक्... टक्... एवढंच.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मिनलनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती एका इस्पितळाच्या कॅन्सर विभागात भौतिकतज्ज्ञ होती. रोग्याला किरणं किती, कुठे आणि किती वेळ द्यायची याचं गणित मांडणं हे तिचं रोजचं काम. बोलणं कमी, आकडे जास्त, असा तिचा स्वभाव. आज ती आईच्या आग्रहाखातर आली होती. आई, म्हणजे चतुराबाई, शेजारीच बसून मान उंच करकरून बशीकडे बघत होत्या.

मिनल उठली. "सर, काढ्याच्या जागी साध्या पाण्याची बाटली ठेवून बघू या का?"

"ताई, पाणी ते पाणी आणि औषध ते औषध."

"म्हणूनच म्हणते. फरक सगळ्यांना दिसेल."

लोकांना खेळ हवाच होता. "ठेवा की सर!" असा गलका झाला. कुणीतरी नळाच्या पाण्यानं भरलेली बाटली पुढे पाठवली. मिनलनं ती बशीसमोर ठेवली. आवाज तसाच बसला. टक्... टक्...

तेवढ्यात चतुराबाई टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांनी बशीत वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया! ही तर बत्तीची जाळी! आमच्या लग्नात चार पेट्रोमॅक्स होत्या. हिला बांधायचा दोरा पण तसाच आहे बघा. अणुभट्टी कसली डोंबलाची?"

हॉल खदखदून हसला. मिनल शांतपणे म्हणाली, "जुन्या जाळ्यांत थोरियम नावाचा धातू असायचा, म्हणून यंत्र वाजतं. त्याची किरणं बहुतेक कमजोर असतात. बाटलीभर पाणी त्यांना अडवतं. चहाही अडवेल. काढ्याचा त्यात काही संबंध नाही."

दुसरा कुणी असता तर पोबारा केला असता. शेखर सरांनी हात जोडले. "ताईंचं ज्ञान मोठं. ही जाळी असेल, मला विकणाऱ्यानं फसवलं असेल. चला, यंत्र बाजूला ठेवू. पण ताई, सरकारमान्य प्रयोगशाळा तर कुणाला फसवत नाही ना?" आणि त्यांनी भिंतीला टेकवलेल्या फलकावरचं कापड ओढलं.

फलकावर मोठा करून चिकटवलेला एक छापील कागद होता. अकरा नावं, आणि प्रत्येक नावापुढे शून्य.

"चाकणची एक कंपनी. किरणांनी वेल्डिंगचे जोड तपासायचं काम. अकरा माणसं दिवसभर साक्षात किरणांत! प्रत्येकाच्या छातीवर किरणं मोजणारा बॅज. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. दिवाळीपासून ही मंडळी काढा घेतात. आणि दिवाळीपासून हे बघा. शून्य, शून्य, शून्य! दोन वेळा अहवाल आला, दोन्ही वेळा शून्य. त्यातलाच एक भाऊ इथं बसलाय. ये भावा, पुढं ये."

पुढच्या रांगेतून उठून दुसरा माइक हातात घेतला तो मिनलच्या धाकट्या भावानं.

"मी सनी," तो म्हणाला. नजर बहिणीकडे जाऊ नये म्हणून तो पंख्याकडे बघत होता. "आधी माझ्या बॅजवर दर वेळी काहीतरी यायचं. पॉइंट तीन, पॉइंट चार. आता काहीच येत नाही. मी खोटं कशाला बोलू?"

तो खोटं बोलत नव्हता. मिनलला ते माहीत होतं, आणि तीच अडचण होती. जाळी खोटी होती, पण हा कागद खरा होता.

तरी तिनं विचारलं, "सर, काढा सनी पितो. बॅज पितो का?"

"म्हणजे?"

"काढा पोटात. बॅज शर्टावर. काढ्यानं शरीर वाचलं असं घटकाभर मानू. पण बॅज तर बाहेर आहे. त्याच्यावर पडणारी किरणं कुठं गेली?"

शेखर सर एक क्षण थांबले, एकच क्षण. "वलय!" ते म्हणाले. "ताई, कवचाचं वलय शरीराबाहेर दोन हात पसरतं. बॅज त्या वलयाच्या आत येतो!"

पुन्हा टाळ्या. पाचच मिनिटांत उतरंड रिकामी झाली. चतुराबाईंच्या पिशवीतही दोन बाटल्या होत्या.

"आई, तूच ना जाळी ओळखलीस?" मिनल जिन्यात म्हणाली.

"ओळखली की. जाळी खोटीच आहे," चतुराबाई म्हणाल्या. "पण आपल्या सनीचं शून्य तर खरं आहे ना गं?"

दुपारी जेवताना घरात वादाला तोंड फुटलं.

"ताई, लोकांसमोर शोभा केलीस माझी," सनी ताटात बघत म्हणाला. "मी सांगतोय आणि तू उलटतपासणी घेतेस."

"तुझी नाही, त्यांची घेतली. शेवाळाचं ऐकून तुला खरं वाटलं असेल. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते विकलं जातं. अणुभट्टीत अपघात झाला की डॉक्टर आयोडीनची गोळी देतात. शेवाळात आयोडीन असतं. पण ती गोळी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी किरणोत्सारी आयोडीननं भरू नये एवढ्यापुरतीच. तू जोड तपासतोस त्या पेटीत आयोडीन नाही, इरिडियम आहे. त्याची किरणं लांबून येतात आणि आरपार जातात. लांबून दगड आला तर तो पोटभर जेवलेल्याला लागत नाही का?"

"मग शून्य का येतं? ते सांग ना."

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ! शेखर सरांना माहीत आहे, तुला माहीत नाही." सनीनं विजयानं भाकरी मोडली. "आणि कामाला किती सोपं झालंय, तुला कल्पना नाही. आधी शॉट मारला की आम्ही पार कंपाउंडपर्यंत पळायचो. आता मी खांबाच्या आड उभा राहतो, पाचसहा मीटरवर. शॉट संपला की लगेच पुढचा. मीटर पण न्यायला नको. साहेब म्हणतात, सनीसारखा फास्ट माणूस नाही. पुढच्या सोमवारी मोठ्या टाकीचं काम सुरू होतंय, दोनशे जोड. मला लीड दिलंय."

मिनलनं हातातला घास ताटात ठेवला.

सनीचं काम तिला नीट ठाऊक होतं. शिशासारख्या जड पेटीत इरिडियमचा पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा असतो. हँडल फिरवून तो तारेनं नळीतून बाहेर ढकलायचा. जोडाच्या एका बाजूला तुकडा, दुसऱ्या बाजूला फिल्म. तुकडा बाहेर असेल तोवर माणसानं दूर जायचं, आणि तो परत पेटीत गेला की नाही हे मीटरनं पाहिल्याशिवाय जवळ यायचं नाही. पंचवीस मीटरवरून पाच मीटरवर आलं तर किरणं पाच पट नाही, पंचवीस पट होतात. आणि तो तुकडा नळीतच अडकला, अन् मीटर न घेता हा तसाच जवळ गेला तर? मग गोष्ट पॉइंटमधल्या आकड्यांची राहणार नव्हती. हात झडण्यापर्यंत जाणार होती.

शून्य खोटं आहे हे तिला सोमवारच्या आत सिद्ध करायचं होतं. नुसतं "खोटं आहे" म्हणून भागणार नव्हतं. का खोटं आहे, ते सांगावं लागणार होतं.

भांडी घासताना तिला बाबा आठवले. बुद्धरत्न तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. ती नववीत असताना त्यांनी तिला बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते शिकवलं होतं. तिनं घाईनं एक नट मोजला आणि आकडा सांगितला, तर म्हणाले, "जबडे रिकामे मिटव. काय दिसतं? शून्य दिसतंय का? नाही ना? मग तुझं प्रत्येक माप तेवढ्यानं चुकलं. आधी यंत्राचं शून्य बघायचं पोरी, मग जगाचं."

तिनं नळ बंद केला. ओल्या हातांनीच सनीच्या फोनमधला अहवालाचा फोटो मोठा करून पाहिला. अकरा नावं, अकरा शून्यं. सर्वांत वर साहेबांचं नाव होतं, नंदकिशोर. आणि अगदी तळाशी, फलकावर कापून टाकलेल्या पट्टीत, बारीक अक्षरं होती: पान २ पैकी १.

"सनी," तिनं हाक मारली, "दुसरं पान कुठंय?"

"कसलं दुसरं पान?"

गुरुवारी तिची सुट्टी असे. नंदकिशोरना फोन करून, रीतसर विचारून ती चाकणला गेली. पत्र्याची मोठी शेड, बाहेर गंजलेले पाइप, उन्हानं तापलेलं अंगण. नंदकिशोर किरणसुरक्षेची जबाबदारी असलेले साहेब होते. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला बॅज. माणूस सरळ होता आणि आपल्या खात्याच्या शून्यांवर भलताच खूश होता.

"या मॅडम, या. सनी सांगत होता, तुमचा विश्वास नाही म्हणून. माझाही नव्हता. पण आकड्यांपुढे काय बोलणार?"

"तुम्ही काढा घेता, सर?"

"छे हो. मला पित्ताचा त्रास. एकदा घेतला आणि दिवसभर छातीत जळजळ. मुलं घेतात."

"आणि तुमचा बॅज?"

"माझंही शून्यच की!" ते हसले. हसू ओठांवर असतानाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "म्हणजे... माझंही शून्य आहे."

"काढा न घेता."

"मी तसा फार वेळ साइटवर नसतो..."

"असता थोडा वेळ. मागच्या दिवाळीआधी काय यायचं तुमचं?"

नंदकिशोरांनी फाइल काढली. पॉइंट दोन. पॉइंट दोन. पॉइंट एक. मग शून्य. दारात उभ्या असलेल्या सनीला ते ऐकू गेलं. तो आत येऊन खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा राहिला.

"दुसरं पान बघू का?" मिनल म्हणाली.

"त्यात नुसता पत्ता-बित्ता असतो. त्या शेखर सरांनी मागितलं तेव्हा दोन्ही पानं दिली होती मी. ते म्हणाले पहिलं पुरे." त्यांनी पान उलटलं. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पान तिच्याकडे सरकवलं.

त्यावर दोनच ओळी होत्या. कंट्रोल बॅजवरचा आकडा असाधारण जास्त आहे. तो ठेवण्याची जागा तपासून कळवावं, तोवर हे अहवाल तात्पुरते समजावेत. फेब्रुवारीच्या अहवालातही त्याच ओळी होत्या आणि मे महिन्यातल्याही.

"कंट्रोल बॅज म्हणजे?" सनीनं विचारलं.

"किराणा दुकानात तू डबा घेऊन तेल आणायला गेलास तर दुकानदार काय करतो?" मिनल म्हणाली. "आधी रिकामा डबा तोलतो. मग तेलासकट तोलतो आणि डब्याचं वजन वजा करतो. तुमच्या बॅजांवर कामाची किरणं पडतात, तशी निसर्गातली थोडी किरणंही पडतात. ती थोडी किती, ते कळावं म्हणून एक बॅज कुणीच घालायचा नाही. तो किरणांपासून लांब ठेवायचा आणि शेवटी त्याचा आकडा सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचा. तो रिकामा डबा."

"आणि डब्यातच कुणी दगड ठेवला तर?" नंदकिशोर हळूच म्हणाले.

"तर तेल कितीही घेतलं तरी उत्तर शून्य."

मग नंदकिशोर ताडकन उठले. "तो बॅज या कपाटात असायचा. इथं, याच खिळ्याला." खिळा रिकामा होता. "कोंडाजी! ओ कोंडाजी!"

कोंडाजी स्टोअर सांभाळायचे. जवळच्याच जुन्या गावचे, साठीला टेकलेले. कंपनीला जमीन दिली तेव्हापासून इथेच कामाला. ते कपाळावरचा घाम पुसत आले.

"बिननावाचा बॅज कुठाय?"

"त्यो व्हय? हाय की. देवापाशी हाय."

"देवापाशी?"

"खंडेनवमीला आपुन समदी हत्यारं पुजली न्हाई का? पान्हे, मीटर, हँडल, तुमचे बिल्ले. झेंडू वाहिला. मग ज्याचा त्यानं आपापला फोटो बघून बिल्ला उचलला. येक तेवढा ऱ्हायला. त्याच्यावर ना नाव, ना फोटू. आमी म्हणलं, ज्याला धनी न्हाई त्याचा धनी द्येव. दिला टांगून फळीवर. पुढं जानेवारीत नवा आला, त्योबी तितंच. अन् एप्रिलातलाबी." त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "का हो साहेब? काय चुकलं का माझं?"

देवाची फळी स्टोअरच्या मागच्या भिंतीवर होती. तसबिरी, उदबत्तीचं घर, वाळकी पानं, आणि खिळ्याला लटकलेला तो बिननावाचा बॅज. मिनलनं भिंतीवर हात ठेवला.

"या भिंतीमागे काय आहे?"

सनीनंच उत्तर दिलं. "सोर्सची खोली. आमच्या पाचही पेट्या संध्याकाळी तिथं ठेवतो. अगदी या भिंतीला लागून."

नंदकिशोरांनी कंपनीचं मीटर आणलं. आधी अंगणात धरलं, काटा जागचा हलला नाही. मग फळीपाशी धरलं. काटा उठला आणि वर जाऊन थरथरत उभा राहिला.

"फार नाही," मिनल म्हणाली. "इथे येऊन हात जोडणाऱ्याला काही होणार नाही. पण बॅज इथून हलत नाही. तीन महिने, दिवस-रात्र. तुमच्या अकरा जणांपैकी कुणावरही पडली नाहीत एवढी किरणं याच्यावर पडली. आणि प्रयोगशाळेनं इमानानं ती तुमच्या सगळ्यांच्या आकड्यांतून वजा केली."

"म्हंजी मी..." कोंडाजींनी बॅजकडे पाहिलं. "पोरांचं माप मी बिघडवलं?"

"मामा, तुम्ही फळीवर ठेवला. कपाटातला खिळा रिकामा होता, ते आठ महिने कुणी पाहिलं नाही. दुसरं पान दोनदा आलं, ते कुणी वाचलं नाही. चूक सगळ्यांत वाटली तर फार जड नाही." ती नंदकिशोरांकडे वळली. "पण आता ती दडवली, तर मात्र फार जड."

नंदकिशोरांनी मान खाली घातली. मग तिथेच उभ्या उभ्या फोनवरून प्रयोगशाळेला पत्र लिहिलं, आणि टाकीचं काम थांबवलं.

कंट्रोलचा जुना, खरा आकडा वजा करून दुरुस्त केलेला अहवाल पुढच्या बुधवारी आला. नंदकिशोरांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मिनललाही बोलावलं, आणि शेखर सरांनाही, "अहवाल आलाय, या" एवढंच सांगून. सर बाटल्यांचा नवा खोका घेऊन हसतमुखानं आले.

नंदकिशोर उभे राहून एकेक नाव वाचू लागले. स्वतःचं आधी. पॉइंट दोन. मग इतरांचं. पॉइंट सहा. एक पॉइंट एक. एक पॉइंट चार. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"सनी. दिवाळीच्या तिमाहीत एक पॉइंट सात. त्यानंतरच्या तिमाहीत," ते अडखळले, "पाच पॉइंट एक."

कुणीतरी "आयला" म्हणालं.

मिनलनं मनात आकडेमोड केली. पॉइंट चारवरून पाच पॉइंट एक. काढ्याआधीच्या बारा पट. बॅजवरच्या याच मापात कामगाराला वर्षाला वीसची हद्द असते. याच चालीनं तो ती ओलांडणार होता, आणि टाकीचे दोनशे जोड अजून बाकी होते. काढ्यानं काही वाईट केलं नव्हतं. बीट आणि शेवगा कुणाचं काय वाईट करणार? वाईट केलं होतं त्यानं दिलेल्या धिटाईनं. एकेक पाऊल करत ती सनीला पंचवीस मीटरवरून पाच मीटरवर घेऊन आली होती.

"सर," नंदकिशोर शेखर सरांकडे वळले, "काय म्हणता?"

शेखर सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा ढळलं नाही. "साहेब, उलट अभिनंदन करा! पाच पॉइंट एक आलं ना? विचार करा, काढा नसता तर किती आलं असतं? दहा! पंधरा! काढ्यानं निम्म्याहून जास्त अडवलं."

दोनतीन माना हलल्यासुद्धा. मिनल बोलायला उठणार, तेवढ्यात सनी पुढे झाला.

"सर, एक विचारू? शून्य आलं, तेव्हा तुम्ही म्हणालात काढ्यामुळे."

"अर्थात."

"आता पाच आलं, तरी काढ्यामुळे."

"भावा, तुला कळतंय तर."

"आमचे साहेब काढा पीत नाहीत. त्यांचं पॉइंट दोन, माझं पाच. ते पण काढ्यामुळे?"

"त्यांचं वलय मुळातच..."

"थांबा सर. एवढंच सांगा." सनीचा आवाज चढला नव्हता. "बॅजवर कोणता आकडा आला असता, म्हणजे तुम्ही म्हणाला असतात की काढा खोटा आहे?"

शेखर सरांनी तोंड उघडलं. मिटलं. वलय, तत्त्व, परंपरा, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन गेलं असावं. पण प्रश्न आकड्याचा होता, आणि असा एकही आकडा त्यांच्याकडे नव्हता.

"ह्या वातावरणात निसर्गाविषयी बोलणं..." असं काहीतरी पुटपुटत ते खोका उचलायला वाकले.

"दुसरं पान तुम्हीपण पाहिलं होतंत, सर," नंदकिशोर म्हणाले. "आणि तळाची पट्टी कापून फलक केलात. हे मी लेखी तक्रारीत लिहिणार आहे. माझी चूकही त्यातच लिहीन."

शेखर सर गेले. जाताना कुणी त्यांना मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. एक पोरगा तेवढा मागून ओरडला, "सर, वलय राहिलं इथंच, घेऊन जा!" आणि बऱ्याच दिवसांनी शेडमध्ये मोकळं हसू उमटलं.

सनी हसला नाही. माणसं पांगल्यावर तो पाइपांच्या ढिगावर बहिणीशेजारी येऊन बसला. साहेबांनी त्याला वर्षाखेरीपर्यंत सोर्सपासून बाजूला केलं होतं. फिल्म तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. लीड दुसऱ्याकडे गेलं होतं. पण त्याच्या मनात ते नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "आता मला काही होईल का?"

मिनलला खोटा धीर द्यायचा असता तर सोपं होतं.

"बहुधा नाही," ती म्हणाली. "एवढ्यानं आजारी पडत नाही माणूस. पुढे कधी काही व्हायची शक्यता अगदी थोडी वाढते. किती थोडी, तेही मी तुला आकड्यात सांगेन. रक्ततपासणी करून घेऊ. पण 'नक्की नाही' असं मी म्हणू शकत नाही."

"शेखर सर म्हणाले असते."

"हो. ते नक्की म्हणाले असते."

सनी बराच वेळ नखांनी पाइपावरचा गंज खरवडत राहिला.

"मग लोक त्यांच्याकडेच जाणार ना गं? तुझ्याकडे 'बहुधा' आणि त्यांच्याकडे 'नक्की'."

"जातील. म्हणून 'नक्की' म्हणणाऱ्याला तू आज विचारलंस तेच विचारायचं: काय दिसलं तर तुम्ही चूक ठराल? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडे कशाचंच उत्तर नाही, मग तो कुणीही असो. मलाही विचार. आणि तुझ्या छापील कागदालाही विचार." ती उठली. "किरणांपासून वाचवणाऱ्या गोष्टी तीनच आहेत. जवळ कमी वेळ थांबायचं, लांब उभं राहायचं, मध्ये जाड आडोसा घ्यायचा. पिऊन, खाऊन, गळ्यात बांधून येणारी चौथी गोष्ट अजून कुणाला सापडलेली नाही. सापडली, तर आम्ही इस्पितळातली माणसं सगळ्यांत आधी रांगेत उभी राहू."

अंगणात पुन्हा सुरू झालेल्या कामासाठी दोन नवी पोरं टाकीभोवती धोक्याची दोरी बांधत होती. एकानं खांबाला गाठ मारली आणि "एवढं बास की" म्हणत हात झटकले.

सनी तिथूनच ओरडला, "ए भावा! बास-बिस नाही. मीटर आण. काटा खाली येतो तिथं दोरी बांधायची, पाय दुखतात तिथं नाही."

पोरानं कुरकुर करत गाठ सोडली, आणि मीटर समोर धरून उन्हात एकेक पाऊल मागे सरकू लागला.